लाल लघवी आणि परदेशातलं पाणी: मूत्रमार्गाच्या बिल्हार्झियाने किती नुकसान केलंय, हे कसं तपासायचं

सोलापुरात मार्च उजाडला की लघवीला जळजळ झालेल्या माणसाला घरातलं कुणीही सांगतं, "उन्हाळी लागलीय, सब्जा घे, धन्याचं पाणी पी." बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. लघवी लाल झाली तर पुढचा संशय मुतखड्यावर जातो. आपल्या भागातलं ऊन आणि लोकांचं कमी पाणी पिणं पाहता तोही चुकीचा नाही. पण या दोन उत्तरांच्या आड एक तिसरं कारण वर्षानुवर्षं दडून राहू शकतं. आपल्याकडून आफ्रिकेत कामाला जाऊन आलेल्या माणसांसाठी मी हे मुद्दाम लिहितोय. मी सोलापुरात लॅबमध्ये काम करतो आणि लघवीचं सॅम्पल हा माझा रोजचा विषय आहे.

आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. इथले फिटर, बॉयलर अटेंडंट, केमिस्ट, पॅनमन युगांडा, टांझानिया, इथिओपिया, सुदानकडच्या कारखान्यांत दोन-तीन वर्षांच्या करारावर जातात. तिकडचा ऊस कालव्याच्या पाण्यावर, आणि कालव्याच्या संथ, गवताळ काठावर बुलिनस नावाची गोगलगाय राहते. तिच्या पोटातून बाहेर पडणारी सूक्ष्म अळी पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतून थेट आत शिरते. तोंडावाटे काही जावं लागत नाही, जखमही लागत नाही. या किड्याचं नाव शिस्टोसोमा हिमॅटोबियम. १८५१ साली कैरोमध्ये थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरांनी तो शोधला, म्हणून या आजाराला बिल्हार्झिया म्हणतात.

हा आजार महाराष्ट्राला अगदीच परका आहे असंही नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात मूत्रमार्गाच्या या आजाराचे रुग्ण सापडल्याची नोंद १९५२ साली डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांनी केली, आणि तिथे संशय फेरिसिया टेन्युइस या छोट्या गोगलगायीवर गेला. मात्र सोलापुरात आज असा रुग्ण दिसला तर तो बाहेरून आजार घेऊन आलेला, असंच धरून चालावं.

आधी हे समजून घ्या: त्रास अंड्यांमुळे होतो

मोठे किडे मूत्राशयाच्या भोवतीच्या शिरांमध्ये जोडीने राहतात, तेही कित्येक वर्षं. त्यांचा स्वतःचा उपद्रव थोडा. मादी रोज अंडी घालते. त्यातली काही मूत्राशयाची भिंत फोडून लघवीत येतात आणि बरीचशी भिंतीतच अडकतात. अडकलेल्या अंड्याभोवती शरीर सूज आणि गाठ तयार करतं. त्यातून रक्त येतं, भिंत जाड होते, पुढे मूत्रवाहिनीचं तोंड आवळतं, लघवी मागे तुंबते आणि किडनी फुगते.

म्हणून "अंडं सापडलं" एवढ्यावर तपासणी संपत नाही. अंडं सापडलं म्हणजे लागण आहे. त्या लागणीने शरीराचं किती नुकसान केलं, हा दुसरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर दुसऱ्या तपासण्या देतात. काही जणांच्या लघवीत अंडी भरपूर असतात, मूत्राशय मात्र बऱ्यापैकी ठीक असतं. उलट जुन्या रुग्णाच्या लघवीत एकही अंडं मिळत नाही आणि किडनी फुगलेली असते. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले नाहीत तर कागदावर सगळं नॉर्मल आणि माणूस आजारी, असं होतं.

पहिली पायरी: पाण्याबद्दल विचारा

दोन वर्षांपूर्वी मोहोळ भागातला एक तरुण फिटर आमच्याकडे आला. पाच महिने लघवी लाल. एका ठिकाणी मुतखडा म्हणून उपचार झाले, सोनोग्राफीत खडा दिसला नाही, मग अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. मी सहज विचारलं, "दादा, कामाला कुठं असता?"

"आफ्रिकेत होतो. कारखान्यात. आता सुट्टीवर आलोय."

"तिकडं पाण्यात उतरायचा का कधी?"

"व्हय की. कॉलनीमागं कॅनॉल होता. रोज संध्याकाळी पवायला जायचो."

तोवर हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. विचारायचं ते नेमकं असं:

कुठल्या देशात, कुठल्या नदी-कालव्या-तळ्यात, किती वेळा उतरलात? पोहणं, कपडे धुणं, मोटार दुरुस्तीसाठी गुडघाभर पाण्यात उभं राहणं, सगळं धरायचं. समुद्राचं किंवा क्लोरिन टाकलेल्या टाकीचं पाणी यात येत नाही. शेवटचा संपर्क कधीचा? हे फार महत्त्वाचं आहे, कारण अंडी लघवीत यायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात. त्याआधी लघवी तपासून "काही नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

रक्त लघवीच्या सुरुवातीला येतं की शेवटच्या थेंबांत? बिल्हार्झियात ते बहुधा शेवटी येतं. पाण्यातून निघाल्यावर अंगाला खाज, पुरळ आलं होतं का? त्यानंतर काही आठवड्यांनी ताप, खोकला, अंगावर गांधी उठल्या का? पुरुषांना वीर्यात रक्त दिसलं का, हे वेगळं आणि एकट्याला विचारावं. बायकांना अंगावरून पांढरं जाणं, संबंधानंतर रक्त जाणं, मूल न राहणं याबद्दल विचारावं, आणि शक्यतो बाई डॉक्टरांनी किंवा सिस्टरनी.

आपल्याकडच्या तळ्यात म्हशी धुताना पायाला खाज सुटली, तर ती गुराढोरांच्या शिस्टोसोमाच्या अळ्यांमुळेही असू शकते. ती अळी माणसाच्या कातडीतच मरते, मूत्राशयापर्यंत पोचत नाही. त्या खाजेवरून या तपासण्या करत बसू नये.

दुसरी पायरी: सॅम्पल कधी आणि कसं घ्यायचं

इथे मी जास्त रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. आमचीही झाली. त्या फिटर दादांना आम्ही सवयीने "सकाळची पहिली लघवी आणा" सांगितलं. त्यात काहीच मिळालं नाही.

या किड्याची अंडी दिवसभर सारखी पडत नाहीत. दुपारच्या सुमारास सर्वांत जास्त येतात. म्हणून सॅम्पल सकाळी १० ते दुपारी २ या वेळेतलं हवं. देण्याआधी माणसाला थोडं चालायला लावावं, जिना दोन-तीनदा चढउतार करायला सांगावा. त्याने भिंतीलगतची अंडी सुटून येतात. लघवी पूर्ण घ्यावी, निदान शेवटचा भाग तरी चुकवू नये. कल्चरसाठी आपण "मधली धार" घ्यायला शिकवतो, इथे ती सवय नडते. बाईची पाळी चालू असेल तर थांबावं.

आणि एका दिवसावर निकाल देऊ नये. लागोपाठ तीन दिवस तीन सॅम्पल घ्यावीत. अंड्यांची संख्या रोज बदलते, आणि हलकी लागण एका सॅम्पलमध्ये सहज निसटते.

सोलापूरच्या मे महिन्यात आणखी एक काळजी. सॅम्पल गाडीच्या डिकीत तासभर तापलं तर अंडी खराब होतात. लघवी पातळ असेल आणि उजेडात, उबेत राहिली तर अंडी फुटून आतली अळी बाहेर पडते, आणि मोजायला नुसती टरफलं उरतात. डबी काळ्या पिशवीत किंवा थंड डब्यात ठेवावी आणि एक-दोन तासांत लॅबमध्ये द्यावी. उशीर होणारच असेल तर लॅबकडून फॉर्मलिन घालून घ्यावं. मग अंडी टिकतात, पण जिवंत आहेत की मेलेली हे कळत नाही.

तिसरी पायरी: डोळ्यांनी पाहा, मग पट्टी बुडवा

डबी पांढऱ्या कागदापुढे उजेडात धरा. लाल, चहासारखी, गढूळ की स्वच्छ, ते लिहा. टीबीच्या गोळीतल्या रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, बिटाने लालसर होते. हे विचारून घ्या.

मग लघवीची साधी पट्टी. रक्ताच्या चौकोनाचा रंग बाटलीवर लिहिलेल्या वेळेलाच वाचायचा, आधी नाही आणि नंतर नाही. ट्रेस, एक प्लस, दोन प्लस, तीन प्लस असं लिहायचं. आफ्रिकेतल्या सर्वेक्षणांत ही पट्टी फार उपयोगी पडते, कारण ज्या गावात आजार भरपूर, तिथे शाळकरी मुलाच्या लघवीत रक्त म्हणजे बहुधा बिल्हार्झियाच. आपल्याकडे हा नियम लागू नाही. इथे रक्त म्हणजे मुतखडा, इन्फेक्शन, मूत्रमार्गाचा टीबी, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत मूत्राशयाचा कॅन्सरही. पट्टी आपल्याला फक्त किती रक्त आहे ते सांगते, कारण सांगत नाही. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या भरपूर घेणाऱ्यात रक्त असूनही पट्टी कोरी राहू शकते.

त्याच पट्टीवर प्रोटीनचा चौकोन आहे, तोही लिहा. उपचारानंतर रक्त आणि प्रोटीन दोन्ही उतरले की नाही, हे पुढे तपासायचं आहे.

चौथी पायरी: गाळून अंडी मोजणं

सॅम्पल हलक्या हाताने हलवून घ्या, कारण अंडी तळाशी बसतात. १० मिली सिरिंजमध्ये ओढा. छोट्या प्लास्टिकच्या होल्डरमध्ये नायलॉन किंवा पॉलिकार्बोनेटचा गोल फिल्टर बसवा. त्याची छिद्रं साधारण १२ ते २० मायक्रॉनची असतात. अंडं ११० ते १७० मायक्रॉन लांब, म्हणजे ते वरच अडकतं. सिरिंज जोडून लघवी सावकाश दाबा. मग सिरिंज काढून हवा भरा आणि पुन्हा दाबा, म्हणजे उरलेले थेंब निघून जातील. चिमट्याने फिल्टर उचलून स्लाइडवर ठेवा, ज्या बाजूला अंडी अडकली ती वर. लुगॉल्स आयोडीनचा एक थेंब टाका. दहाच्या लेन्सखाली पूर्ण फिल्टर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नांगरासारख्या रेघा ओढत बघा. मधेच थांबू नका, सगळी अंडी मोजा.

अंडं एकदा पाहिलं की विसरत नाही. गव्हाच्या दाण्यासारखं लांबट, आयोडीनने पिवळसर तपकिरी, आणि एका टोकाला बारीक, टोकदार काटा. काटा टोकाला आहे की बगलेला, हे नीट बघा. बगलेला मोठा काटा असेल तर तो आतड्याच्या बिल्हार्झियाचा मॅन्सोनी. काही अंडी काळी, कडक झालेली दिसतात. ती मेलेली, जुनी. ती वेगळी मोजा.

आकडा "१० मिलीमागे इतकी अंडी" असा लिहायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत ५० पेक्षा कमी म्हणजे हलकी लागण, ५० किंवा जास्त म्हणजे जड. आमच्या फिटर दादांची तीन दुपारची मोजणी १४, ६१ आणि ३३ आली. एकच दिवस पाहिला असता तर कुठला दिवस हाती लागला त्यावर हलकी किंवा जड ठरलं असतं. सरासरी ३६. रिपोर्टवर तिन्ही आकडे लिहावेत, नुसती सरासरी नको.

फिल्टर मिळत नसेल तर पूर्ण लघवी तासभर निथळू द्या, वरचं पाणी ओता, तळाचा गाळ सेंट्रीफ्यूजला लावा आणि सगळा गाळ तपासा. अंडी मिळतील, पण मोजणी तितकी भरवशाची नसते.

पाचवी पायरी: रक्त

हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारं) आणि इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार). मुलांत सतत रक्त जाऊन पांडुरोग होतो, वाढ खुंटते. म्हणून मुलाचं वजन-उंचीही लिहा. इओसिनोफिल वाढलेले असतील तर संशय बळावतो, पण आपल्याकडे जंत आणि अ‍ॅलर्जीनेही ते वाढतात.

अँटिबॉडीची तपासणी प्रवासातून आलेल्या, अंडी न सापडलेल्या माणसासाठी कामाची. ती जुनी लागण आणि आत्ताची लागण यांत फरक करत नाही, बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहते. म्हणून औषध लागू पडलं का, हे तिच्यावरून ठरवू नये. लघवीतला सीसीए अँटिजेन, म्हणजे किड्याने सोडलेला अंश, तपासणारी झटपट पट्टी आतड्याच्या प्रकाराला बरी, मूत्रमार्गाच्या प्रकाराला तितकी विश्वासाची नाही. पीसीआर चांगली, पण त्यासाठी मोठ्या संस्थेशी बोलावं लागतं. मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागातून वाट मिळते.

सहावी पायरी: सोनोग्राफी, नुकसानीचं खरं माप

मूत्राशय आणि किडनीचं किती बिघडलं, हे सुईशिवाय आणि कमी खर्चात दाखवणारी हीच तपासणी. १९९६ साली नायजर देशातल्या नियामे शहरात तज्ज्ञ बसले आणि बिल्हार्झियाची सोनोग्राफी सगळीकडे एकाच पद्धतीने करायचं ठरलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली ती पद्धत पुस्तिकेच्या रूपात दिली. रेडिओलॉजिस्टना चिठ्ठीत "खडा आहे का" एवढंच लिहिलं, तर ते खडाच शोधतील. चिठ्ठीत आफ्रिकेतल्या पाण्याचा संपर्क लिहा आणि या गोष्टी मागा:

मूत्राशय पुरेसं भरलेलं असावं, गच्च नको. रिकाम्या मूत्राशयाची भिंत उगीच जाड दिसते. गच्च भरलेल्यात मूत्रवाहिनी उगीच फुगलेली दिसते. आकार नेहमीचा की गोल, बिघडलेला? आतली भिंत गुळगुळीत की खडबडीत, एका जागी की अनेक जागी? जाडी ५ मिलिमीटरच्या वर कुठे आहे, एकाच ठिकाणी की सगळीकडे? आत गाठ किंवा पॉलिपसारखं काही डोकावतंय का? त्या पद्धतीत या प्रत्येकाला गुण आहेत. मूत्राशयाची बेरीज ० किंवा १ आली तर बिल्हार्झियाचे बदल असण्याची शक्यता कमी, २ आली तर शक्यता आहे, ३ किंवा जास्त आली तर बरीच दाट.

मग दोन्ही मूत्रवाहिन्या आणि दोन्ही किडन्या. किडनीचा पेल्व्हिस, म्हणजे किडनीतली लघवी साठणारी पोकळी, फुगलेला दिसला, तर तिथेच निकाल देऊ नका. लघवी करून यायला सांगा, अर्धा तास थांबा, परत बघा. तरीही फुगलेला असेल तर तो खरा अडथळा, आणि युरॉलॉजिस्टकडे पाठवायला वेळ घालवू नये. या आजारात सर्वांत मोठं नुकसान किडनीचं होतं, आणि तिथे बऱ्याचदा दुखतही नाही.

ती गुणपद्धत आजार भरपूर असलेल्या भागांसाठी बनली आहे. सोलापुरात जाड भिंत दिसली तर टीबी आणि कॅन्सर हे दोन्ही प्रश्न उघडे ठेवायचे.

गरज पडली तर पुढचं

साध्या एक्स-रेत जुन्या रुग्णाचं मूत्राशय चुन्याच्या रेघेने आखल्यासारखं, गर्भातल्या बाळाच्या डोक्यासारखं दिसतं. दुर्बिणीने पाहिलं तर आतल्या भिंतीवर वाळू पसरल्यासारखे पिवळसर चट्टे दिसतात. प्रत्येकाला दुर्बीण लागत नाही. गाठ दिसली, वय जास्त, रक्त थांबत नाही, अशा वेळी मात्र ती टाळू नये आणि तुकडा तपासावा. या किड्याची लागण कॅन्सरला कारण ठरते, असं आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेने १९९४ साली मान्य केलं. मूत्राशयाच्या स्क्वॅमस (चपट्या पेशींच्या) प्रकारच्या कॅन्सरशी तिचा संबंध आहे.

बायकांच्या बाबतीत आणखी एक तपासणी लागते, आणि ती बहुतेक वेळा राहून जाते. अंडी गर्भाशयाच्या मुखात आणि योनीच्या भिंतीतही अडकतात. तिथे वाळूच्या कणांसारखे चट्टे आणि वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली याच्या फोटोंची छोटी पुस्तिका काढली. स्त्रीरोगतज्ज्ञांनी ती एकदा डोळ्यांखालून घालावी, कारण हे चट्टे लैंगिक आजाराचे समजून बाईला नको ते प्रश्न विचारले जातात. लघवीत अंडी नसली तरी हा त्रास असू शकतो.

उपचारानंतर पुन्हा मोजा

औषध प्राझिक्वांटेल. मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे ४० मिलिग्रॅम, जेवणासोबत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ६० किलोच्या माणसाला २४०० मिलिग्रॅम, म्हणजे ६०० च्या चार गोळ्या. शरीरात नुकत्या शिरलेल्या, कोवळ्या किड्यांवर ते नीट चालत नाही, म्हणून शेवटच्या संपर्कानंतर सहा ते आठ आठवडे होऊ द्यावे लागतात. आधी दिलं असेल तर पुन्हा द्यावं लागू शकतं.

दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तीन दुपारची लघवी, तीच पट्टी, तीच गाळणी. काळी, मेलेली अंडी काही काळ येत राहतात. त्यामुळे घाबरून लगेच दुसरा डोस देऊ नये, जिवंत अंडी आहेत का ते पाहावं. सोनोग्राफी सहा महिन्यांनी. मूत्राशयाची सूज या काळात बऱ्याच जणांची उतरते. आवळून बसलेली मूत्रवाहिनी मात्र गोळीने सुटत नाही.

घरच्यांना भीती असते की जेवणातून, संडासातून, नवऱ्याकडून बायकोला हे लागेल. लागत नाही. गोगलगायीच्या अंगातून गेल्याशिवाय अंड्यातून निघालेली अळी माणसाला लागूच शकत नाही. घरात वेगळं भांडं, वेगळी चादर ठेवायची काही गरज नाही. पण तिकडे त्याच कॉलनीत, त्याच कालव्यात उतरणारे बायको-मुलं आणि गाववाले असतील, तर त्यांना तपासणीला बोलवा. त्रास नसला तरी.

आमच्या फिटर दादांच्या तिसऱ्या महिन्याच्या तिन्ही सॅम्पलमध्ये अंडं मिळालं नाही, पट्टीवर रक्त ट्रेस. सहाव्या महिन्यात भिंतीची जाडी उतरलेली, दोन्ही किडन्या ठीक. आता ते पुन्हा त्याच कारखान्यात निघालेत. कालव्यात उतरायचं नाही, कामासाठी उतरावंच लागलं तर उंच गमबूट घालायचे, आंघोळीचं पाणी टाकीत दोन दिवस साठवून किंवा उकळून वापरायचं, एवढं सांगितलंय. परत आल्यावर शेवटच्या संपर्काला बारा आठवडे झाले की तीन दुपारी लघवी द्यायला यायचं, त्रास असो वा नसो, हे त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून दिलंय.